मुक्काम कुणाच्या जमिनीवर?

रानात तंबू ठोकून एखादी रात्र उघड्यावर काढण्याची हौस आता आपल्या हवेलीतील तरुण मंडळींतही रुजली आहे. गेल्या हिवाळ्यात नातवंडांच्या आग्रहाखातर दुधनीच्या जलाशयाकाठी असा मुक्काम करण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. मुलांनी दहा मिनिटांत तंबू उभा केला, शेकोटीसाठी काटक्या गोळा केल्या. मग धाकट्या नातवाने सहज विचारले, ‘‘आजोबा, ही जमीन कुणाची?’’ सारा जन्म महाराष्ट्र शासनाच्या महसूल खात्यात घालवलेल्या माणसाच्या तोंडून उत्तर आपोआप निघाले, ‘‘सरकारची.’’ उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. ती उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न.

मुक्काम हा शब्द आपल्या इतिहासाला नवा नाही. दसऱ्याला मराठी फौजा मुलूखगिरीस बाहेर पडत, वाटेत राहुट्या-पालांचे तळ पडत आणि पावसाळा लागला की छावणी होई. रामनगरचा मुलूख १६७२ साली शिवछत्रपतींच्या ताब्यात आला, तेव्हापासून या दऱ्याखोऱ्यांचा मराठी राज्याशी संबंध जडला. पुढे मराठी आरमाराने १७७२ मध्ये पोर्तुगीजांचे ‘सांताना’ नावाचे जहाज पकडले. त्याच्या भरपाईचा वाद लांबला आणि अखेर १७७९ च्या तहान्वये पेशव्यांनी पोर्तुगीजांस वार्षिक बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे लावून देण्याचे मान्य केले. त्याप्रमाणे नगर हवेली १७८३ मध्ये व दादरा १७८५ मध्ये त्यांच्याकडे गेले.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. पेशव्यांनी दिले ते उत्पन्न, सरंजामाच्या रीतीने. राज्याधिकार दिला नव्हता. हा भेद केवळ कागदोपत्री राहिला नाही. पोर्तुगालने हवेलीत जाण्यायेण्याच्या हक्काचा दावा हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात लावला, तेव्हा १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने पेशव्यांच्या या देण्याचा अर्थ तपासला आणि त्याने सार्वभौमत्व बहाल झाले नव्हते, असाच निष्कर्ष काढला. ते पोर्तुगीजांस मागाहून, इंग्रजी अमदानीत, व्यवहाराने मान्य झाले. आपल्या पायाखालच्या मातीचा मालक कोण, हा प्रश्न असा सातासमुद्रापार जाऊन आला आहे.

पोर्तुगीजांना या रानातून हवे होते ते मुख्यतः लाकूड. हवेलीचा साग दमणच्या गोदीत जाई आणि त्यातून जहाजे बांधली जात. ‘दों फेर्नांदो दुसरा व ग्लोरिया’ हे लढाऊ जहाज १८४३ मध्ये दमण येथे पाण्यात उतरले, त्याचे लाकूड याच रानातले. १९६३ साली लिस्बनजवळ ते आगीत होरपळले. पुढे त्याची डागडुजी करून १९९८ च्या प्रदर्शनात ते लोकांपुढे मांडण्यात आले. आपल्या डोंगरांवरचा साग आजही परदेशातील एका संग्रहालयात जपून ठेवला आहे. तो तोडणारे हात कोणाचे, त्यांची नावे मात्र कोणी जपली नाहीत.

शेतजमिनींची व्यवस्था १९१९ च्या पोर्तुगीज भूमिसंहितेने लावली. आपल्यापैकी काही जुन्या घरांतील दप्तरांत ‘अल्वारा’ हा शब्द अजून सापडेल. अल्वारा म्हणजे लागवडीच्या अटीवर सरकारने दिलेला पट्टा. अशा पट्ट्यांवर मोठी क्षेत्रे थोड्या हाती एकवटली आणि वारली, कोकणा, धोडिया मंडळी बव्हंशी त्यांवर राबत राहिली. १९७१ च्या भूमिसुधारणा विनियमाने ही पद्धत संपवली. आपणा स्थायिक कुटुंबांना हा इतिहास थोडा अवघडवणारा आहे, म्हणूनच तो आपणच सांगितला पाहिजे.

मुक्तिसंग्रामाची हकीकत वाचकांस परिचित आहे. २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मराठी माणसे होती. पोर्तुगीज प्रशासकाने शिपायांसह खानवेलच्या रानाकडे माघार घेतली आणि अखेर उधवा येथे तो भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी हवेली भारतात विलीन झाली. पोर्तुगीज सरकारचे रान भारत सरकारचे झाले. ४९१ चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात सुमारे चाळीस टक्के क्षेत्र जंगलाखाली होते, त्यांपैकी ९२ चौरस किलोमीटरचे २००० साली अभयारण्य झाले. वासोण्याला गीरचे सिंह आणून सफारी उभारण्यात आली, खानवेलजवळ सातमाळियाला हरणांचे उद्यान झाले. रानाकडे लाकडासाठी पाहणारे सरकार सहलीसाठी पाहू लागले, हा बदल लहान नव्हे.

परंतु दुधनीचे पाणी ही निराळी गोष्ट आहे. ते निसर्गाने दिलेले सरोवर नव्हे. दमणगंगेवरील मधुबन धरणाचे काम १९७२ मध्ये सुरू झाले आणि नव्वदीच्या दशकाअखेर पुरे झाले. त्याच्या फुगवट्याखाली हवेलीतील शेते, पाडे, देवस्थाने गेली. धरण गुजरातेत, त्याच्या पाण्याने उद्योग आणि शेती फुलली, याबद्दल तक्रार नाही. पण आपण ज्या काठावर तंबू ठोकतो तो मुळात डोंगराचा माथा होता, हे पर्यटकास कोणी सांगत नाही.

अशीच एक कथा अमेरिकेच्या वाळवंटी प्रदेशात घडली. यूटा व अ‍ॅरिझोना या राज्यांत कोलोरॅडो नदीने तांबड्या खडकांतून खोल दऱ्या कोरल्या आहेत. तेथील बरीचशी जमीन केंद्र सरकारच्या भूमिव्यवस्थापन खात्याकडे आहे आणि सर्वसाधारणपणे एका जागी चौदा दिवसांपर्यंत कोणालाही फुकट तंबू ठोकता येतो. सार्वजनिक जमीन म्हणजे सर्वांची जमीन, ही त्यामागील कल्पना खरोखर उदार आहे. पण १९६३ च्या मार्चमध्ये ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले आणि त्या दऱ्यांपैकी एक अतिसुंदर दरी बुडाली. सरोवर भरण्यास १९८० साल उजाडले, मग हजारो लोक नौकांतून तेथे सुट्टी घालवू लागले. कोणालाच ठाऊक नसलेली जागा, असे त्या दरीचे वर्णन झाले. शेजारच्या नवाहो लोकांना मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. पुढे अवर्षणाने पाणी उतरले, २०२३ च्या प्रारंभी तर ते सरोवर भरल्यापासूनच्या नीचांकास गेले, आणि बुडालेल्या कडेकपारी पुन्हा दिसू लागल्या.

हे वाचताना दुधनीच्या नावाड्याची आठवण होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आम्हांस पाण्यावर फिरवले. मध्येच वल्हे थांबवून एका दिशेस बोट दाखवून तो म्हणाला, ‘‘साहेब, वैशाखात पाणी उतरलं की आमच्या पाड्याच्या चिंचेचा बुंधा दिसायचा. आता तोही कुजला.’’ नातवंडे गप्प झाली. मीही गप्प झालो, पण कारण वेगळे होते.

नोकरीच्या आरंभी जव्हार-मोखाड्याच्या भागात माझे दौरे होत. इंग्रजी अमदानीत साहेबमंडळी दौऱ्याचा हंगाम तंबूत काढीत आणि सरपण, पाणी, कोंबडी गावाने पुरवावी असा शिरस्ता असे. हीच वेठ. तिच्याविरुद्ध १९४५ मध्ये झरीच्या परिषदेपासून गोदावरी परुळेकरांसह वारली समाज उभा राहिला. माझ्या काळी वेठ कायद्याने संपली होती. तरीही एका मुक्कामी पहाटे लाकडाचा भारा दारात पडलेला दिसला आणि मी तो कोणी, कोणत्या मोलाने आणला हे विचारले नाही. दौऱ्याच्या दैनंदिनीत मी गावाचे नाव व तारीख लिहिली, लाकूड लिहिले नाही. आज, इतक्या वर्षांनी, तेवढी नोंद राहून गेल्याची खंत वाटते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने रानात राहणाऱ्यांचे हक्क मान्य केले, म्हणजे ‘सरकारची’ हे एकशब्दी उत्तर आता कायद्यालाही पुरत नाही. तंबूंना माझा विरोध नाही. मुलांनी रात्रीचे आकाश पाहावे, रानाची भीती घालवावी, कचरा परत आणावा आणि सरपणाचे मोल चुकते करावे. एवढ्यावर मात्र थांबू नये.

आपल्या मंडळाने एक काम हाती घ्यावे अशी विनंती आहे. मधुबनच्या पाण्याखाली गेलेल्या पाड्यांची, देवळांची, पाणवठ्यांची नावे सांगणारी वडीलधारी माणसे अजून हयात आहेत. येत्या वर्षभरात त्यांच्याकडे जाऊन ती नावे उतरवून घ्यावीत आणि याच पत्रिकेत छापावीत. पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा दुधनीला जाणार आहोत. नातवाने तोच प्रश्न विचारला, तर या वेळी मला निदान काही नावे सांगता आली पाहिजेत. पहिले नाव त्या नावाड्याच्या पाड्याचे असावे. ते विचारायचे राहून गेले आहे.