मोटरहोम चालवताना मोबाइलचा जीपीएस पुरेसा का नाही?

मोबाइलमधले नेहमीचे मॅप बहुतेकदा कारसाठीचा रस्ता दाखवतात. गाडीची उंची आणि वजन ते विचारत नाहीत. मोटरहोमसाठी मात्र हेच महत्त्वाचं असतं.

अमेरिकेतल्या डरहॅम शहरातला एक रेल्वे पूल रस्त्यापासून जेमतेम 11 फूट 8 इंच उंच होता. इशारा देणारे दिवे असूनही त्याला धडकून कित्येक उंच गाड्यांची छपरं सोलून निघाली. 2019 मध्ये पूल 8 इंच उचलला, तरी धडका थांबल्या नाहीत. बाल्टिमोरच्या हार्बर टनेलमध्ये तर 10 पौंडांपेक्षा मोठा प्रोपेन सिलिंडर असलेल्या गाडीला प्रवेशच नाही.

मग काय करायचं? छतावरच्या एसीसकट गाडीची उंची मोजा आणि डॅशबोर्डवर लिहून ठेवा. उंची-वजन भरता येईल असा मोटरहोमसाठीचा जीपीएस वापरा. तरीही मॅप आणि रस्त्यावरची पाटी वेगळं सांगत असतील, तर पाटीचंच ऐका.