गोधडी आणि पलटण

नगर हे छावणीचे गाव आहे. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने येथील भुईकोट किल्ला घेतला, तेव्हापासून पलटणींचा आणि ह्या शहराचा संबंध जडला तो आजतागायत. बोअर युद्धातले कैदी येथे आणून ठेवले होते. पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिक आणि जर्मन मिशनरी येथील तळावर स्थानबद्ध होते. १९४२ पासून जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद आदी राष्ट्रीय नेते किल्ल्यात बंदिवान होते. चिलखती दलाचे केंद्र आणि यांत्रिक पायदळाचे केंद्र आजही येथे आहेत. फेब्रुवारी १९९४ मध्ये उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालय पाहावयास दुरून शाळांच्या सहली येतात. जिल्ह्याला आता अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे. परंतु लष्कराची ओळख जुन्या नावाबरोबर गेलेली नाही.

ह्याच जिल्ह्यात क्वचितच असे घर सापडेल की ज्यात गोधडी नाही. कोणी तिला वाकळ म्हणतात. पलटण आणि गोधडी ह्या दोन गोष्टींचा परस्परसंबंध काय, असा प्रश्न आम्हांलाही पूर्वी कधी पडला नव्हता. तो पडला अमेरिकेतील एका चळवळीची हकिकत वाचताना.

२००३ साली कॅथरिन रॉबर्ट्स नावाच्या डेलावेअर राज्यातील एका बाईचा मुलगा इराकच्या युद्धावर होता. त्या काळात तिला एक स्वप्न पडले : एक तरुण मध्यरात्री पलंगाच्या कडेवर वाकून बसला आहे, युद्ध संपले तरी त्याच्या मनातले युद्ध संपलेले नाही, आणि पुढच्याच क्षणी तोच तरुण एका गोधडीत लपेटलेला आहे, त्याचा चेहरा निवलेला आहे. त्यातून 'क्विल्ट्स ऑफ व्हॅलर' ही चळवळ निघाली. गावोगावच्या स्त्रिया, आणि पुढे पुरुषही, युद्धाची झळ लागलेल्या सैनिकांसाठी गोधड्या शिवू लागले. ह्या गोधड्यांची संख्या आता तीन लाखांच्या वर गेली आहे. त्या संस्थेचा एक दंडक आम्हांला विशेष वाटला. गोधडी 'दिली' असे तेथे म्हणत नाहीत. पदक प्रदान करावे तशी ती प्रदान केली, असे म्हणतात, आणि ती सैनिकाच्या खांद्यांवर पांघरतात. शिवणारीचे नाव गोधडीच्या मागे एका पट्टीवर असते. ज्याला ती मिळते तो तिचा कोणी लागत नाही.

ही कल्पना त्या देशाला नवी नव्हती. १८६१ साली तेथे यादवी युद्ध पेटले, तेव्हा उत्तरेच्या सैनिकांच्या शुश्रूषेसाठी 'सॅनिटरी कमिशन' स्थापन झाले आणि चर्चमधील महिला मंडळांनी इस्पितळातल्या खाटांसाठी गोधड्या शिवावयास घेतल्या. खाट अरुंद, म्हणून गोधडीही अरुंद. सुमारे चार फूट रुंद आणि सात फूट लांब. चार वर्षांत अशा अडीच लाखांच्या आसपास गोधड्या गेल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कित्येकींवर शाईने नावे, पत्ते आणि बायबलमधील वचने लिहिलेली असत. बहुतेक गोधड्या वापरून झिजल्या आणि संपल्या. हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच उरल्या आहेत. पांघरुणाच्या वस्तूचे सार्थक त्यातच असते, हे आमच्याकडील कोणत्याही आजीला सांगावे लागणार नाही.

येथे एक गोष्ट नगरकरांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याच अमेरिकेतून आलेल्या मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे घातले आणि मुलींच्या शाळा काढल्या. सिंथिया फरार ह्या बाईंनी नगरला मुलींना शिकविण्यात आयुष्य घालविले. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन, लेखन आणि गणिताबरोबर शिवणकाम असे. म्हणजे अमेरिकेतील स्त्रियांची सुई आणि नगरच्या मुलींची सुई ह्यांची भेट गेल्या शतकाच्याही आधी झाली होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन आणि स्विस येशूसंघीय धर्मगुरूंनी केंदळ, संगमनेर, राहाता, वळण ह्या परिसरात कॅथॉलिक धर्मग्रामे उभारली, तेथील भगिनींनीही शिवण शिकविले. परंतु गोधडी कोणी शिकविली नाही. ती आधीपासून होतीच.

सैनिकांच्या हातूनही ठिगळकाम होत असे, आणि ते हिंदुस्थानात होत असे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात येथील छावण्यांतल्या गोऱ्या शिपायांना उन्हाळ्याच्या दुपारी काही काम नसे. दारू आणि जुगार ह्यांपासून त्यांना दूर ठेवण्यासाठी हातात सुई देण्याचा उपाय वरिष्ठांनी उचलून धरला. जुन्या गणवेशांच्या लोकरी कापडाचे लाल, काळे, पिवळे, पांढरे बारीक तुकडे जोडून हे शिपाई पलंगपोस करीत. पलटणीतले शिंपी तर त्यात तरबेजच होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात फ्रान्सिस ब्रेली ह्या साध्या शिपायाने केलेला असा एक पलंगपोस आहे. ब्रेली १८६४ ते १८७७ ह्या काळात आपल्या पलटणीबरोबर हिंदुस्थानात होता. त्याचे काम पाहताना हा हात बंदूक चालविणारा होता हे पटत नाही.

परंतु सैनिकांसाठी शिवलेल्या गोधड्यांचा इतिहास जेथे आम्हांला थांबवितो, ते ठिकाण सिंगापूर आहे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. हजारो हिंदी सैनिक कैद झाले, त्याचप्रमाणे युरोपीय नागरिकही चांगीच्या तुरुंगात डांबले गेले. पुरुष एकीकडे, स्त्रिया व मुले दुसरीकडे. पती जिवंत आहे की नाही हे पत्नीला कळण्याची सोय नव्हती. एथेल मलव्हानी ह्या कॅनडियन बाईने एक युक्ती काढली. इस्पितळातल्या जखमींसाठी गोधड्या शिवू, असे तिने सुचविले. प्रत्येकीला कापडाचा एक चौकोन द्यायचा आणि तिने त्यावर आपले नाव व मनाला येईल ते चित्र भरायचे. अशा तीन गोधड्या झाल्या, प्रत्येकीत सहासष्ट चौकोन. एक ब्रिटिश जखमींसाठी, एक ऑस्ट्रेलियन जखमींसाठी, आणि तिसरी जपानी जखमींसाठी. जपानी गोधडीच्या मागे ती जखमी जपानी सैनिकांना, त्यांच्या वेदनांविषयी सहानुभूती म्हणून दिली आहे, अशा अर्थाचा मजकूर आहे. ऑस्ट्रेलियन आणि जपानी गोधड्या आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहेत, ब्रिटिश गोधडी लंडनला रेडक्रॉसकडे आहे.

तिसरी गोधडी ही केवळ परवानगी मिळविण्यासाठी दिलेली लाच होती, असे म्हणणारे आहेत. असेलही. आम्हांला मात्र वाटते की सहासष्ट चौकोनांवर भरतकाम करावयास जे दिवस लागतात, त्यात केवळ हिशेब टिकत नाही. ज्याने आपल्याला कोंडले त्याच्याही अंगाला थंडी वाजते, हे टाका घालताना कधीतरी मनात येतच असणार. शत्रूवर प्रीती करा, हा उपदेश आपण दर वर्षी ऐकतो. तो कापडावर उतरलेला फारसा पाहावयास मिळत नाही.

मग आमच्याकडे असे का झाले नाही? सैनिकांविषयी आमच्या लोकांना ममता नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. १९६२ च्या हिवाळ्यात हिमालयात आमचे जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत लढत आहेत, हे कळल्यावर देशभर स्त्रियांनी लोकरीचे स्वेटर विणले आणि अंगावरचे सोने संरक्षण निधीत काढून दिले. स्वेटर विणले, गोधडी कोणी पाठविली नाही. ह्याचे एक कारण साधे आहे. सुती गोधडी ओल धरते, भिजली की जड होते, वाळता वाळत नाही. बर्फात तिचा उपयोग नाही. परंतु आमच्या मते हे सगळे कारण नव्हे.

गोधडी जुन्या कापडाची असते. अमेरिकेतली क्विल्ट पुष्कळदा नव्या कापडाचे तुकडे कापून करतात. आमची गोधडी नेसून विटलेल्या लुगड्याची, फाटलेल्या धोतराची. घरातल्या माणसांना ती चालते, बाहेरच्याला द्यावयाची म्हटले की मन संकोचते. उतरलेला कपडा कोणाला द्यावा आणि कोणी घ्यावा, हे आमच्या समाजात शतकानुशतके ठरवून ठेवलेले होते. मेलेल्याच्या अंगावरचे वस्त्र हा महारांचा हक्क मानला जाई. आमच्या जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाची बहुसंख्य घराणी महार आणि मांग समाजांतून आलेली आहेत. जुने कापड दान म्हणून हाती येणे ह्याचा अर्थ त्यांच्या वाडवडिलांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

येथे सेंट मार्टिनची आठवण होते. चौथ्या शतकातला हा रोमन सैनिक आमियाँ शहराच्या वेशीवर थंडीने काकडणाऱ्या भिकाऱ्याला भेटला आणि त्याने तलवारीने आपला झगा मधोमध कापून अर्धा त्याला दिला. तो झगा वापरलेलाच होता. परंतु उरलेला अर्धा मार्टिनच्या स्वतःच्या अंगावर राहिला, म्हणून ते उतरलेले वस्त्र ठरले नाही. त्या झग्याच्या लॅटिन नावावरूनच 'चॅपेल' आणि सैन्यातील धर्मगुरूचा 'चॅप्लेन' हे शब्द आले. त्याचा सण ११ नोव्हेंबरला येतो. १९१८ साली पहिले महायुद्ध थांबले तेही त्याच तारखेला.

त्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. एप्रिल १९१६ मध्ये कूत येथे उपासमारीने शरण गेलेल्या सैन्यात त्यांतले कित्येक जवान होते. सरकारने पुढे महाराष्ट्रातील अनेक गावांत दगडी पाट्या बसविल्या. ह्या गावातून इतकी माणसे युद्धावर गेली, त्यांपैकी इतकी कामी आली, एवढाच मजकूर. नाव एकही नाही. गोधडीवर शाईने नाव घालणाऱ्या परक्या बाया आणि गावच्या लोकांचे आकडे दगडावर कोरणारे सरकार, ह्यांची तुलना आम्ही मुद्दाम करीत नाही. ती आपोआप होते.

नगरहून पुण्यास जाताना भीमेच्या काठी कोरेगावचा स्तंभ लागतो. १८१८ च्या पहिल्या दिवशी तेथे पडलेल्या शिपायांची नावे मात्र त्यावर आहेत, आणि त्यांत 'नाक' हा प्रत्यय लागलेली महारांची नावे पुष्कळ आहेत. त्यांच्याच नातवंडांना १८९२ च्या सुमारास सैन्यभरती बंद झाली. लढाऊ जातींत तुम्ही बसत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकांनी अर्ज केले. १९१७ साली महायुद्धाची निकड लागली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली. निकड सरली आणि १९२१ मध्ये ती मोडलीही. बेळगावला महार रेजिमेंट स्थापन व्हावयास १९४१ साल उजाडले. पलटण मोडल्यावर गावी परतलेल्या शिपायाच्या खांद्यावर कोणी काय पांघरले असेल? गावाने तर नाहीच. पांघरले असेल ते घरातल्या बाईने.

सुगी आटोपली की आमच्या खेड्यांत गोधड्यांना हात लागतो. अंगणात किंवा ओसरीवर जुने लुगडे अंथरतात. त्यावर सदऱ्यांचे, परकरांचे, धोतरांचे तुकडे सुरकुती न पडेल असे पसरतात, वर दुसरे लुगडे घालतात, कडेने टाचून घेतात. मग मोठी सुई आणि दुहेरी दोरा. धावदोरा कडेपासून सुरू होतो आणि चौकोनात चौकोन घालीत आत आत जातो, मध्यावर संपतो. दोघी-तिघी समोरासमोर बसल्या तर काम लवकर उरकते आणि बोलणेही होते. कोणता तुकडा कोणाच्या अंगावरचा, हे शिवणारीला तोंडपाठ असते.

राहुरी तालुक्यातल्या एका घरी आम्ही अशी एक गोधडी पाहिली. त्या घरातले आजोबा सैन्यात होते, ते जाऊन पुष्कळ वर्षे झाली. आजींनी गोधडी उलगडून दाखविली. वर जांभळ्या इरकलीचे लुगडे, खाली फुलाफुलांची सुती साडी. खाकी कोठेच दिसेना. आजी म्हणाल्या की ती आत आहे. मालक पलटणीतून परत आले त्या वर्षी त्यांचा गणवेशाचा सदरा त्यांनी गोधडीत वरच्या बाजूस लावला होता. पुढे गोधडी विरत गेली तसतशी त्यांनी तिच्यावर दोनदा नवे लुगडे चढविले, आणि सदरा मधल्या थरांत गेला. आमचा हात धरून त्यांनी तो एका जागी दाबला. तेथे कापड जाड लागत होते, आणि खिशाची शिवण बोटांना समजत होती.