नैराश्य, विस्मरण आणि मानसोपचार

मानसोपचारात स्मृतीला आरंभापासून मोठे स्थान होते. परंतु ती स्मृती रुग्णाच्या भूतकाळाची होती, उपचाराची नव्हे. सिग्मंड फ्रॉइड यांच्या मनोविश्लेषणात, म्हणजे संवादातून मनातील दडपलेल्या गोष्टींचा शोध घेण्याच्या पद्धतीत, बालपणीच्या आठवणींना मध्यवर्ती महत्त्व होते आणि विस्मरणाकडे बहुधा ‘प्रतिकार’ म्हणून, अप्रिय सत्य टाळू पाहणाऱ्या मनाची आडकाठी म्हणून, पाहिले जाई. मागच्या भेटीत जे उमगले ते रुग्णाच्या लक्षात राहिले का, हा प्रश्न या विचारात गौणच राहिला.

सत्रातील शब्द टिकवण्याचे साधन आले तेही आधी अभ्यासकांसाठी. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली एका रुग्णाची सर्व सत्रे ध्वनिमुद्रणावरून शब्दशः प्रसिद्ध केली, ती संशोधन आणि उपचारकांचे प्रशिक्षण यांसाठी.

हे चित्र पालटले ते फिलाडेल्फियात. मनोविश्लेषणाचेच शिक्षण घेतलेले पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६०च्या दशकात बोधात्मक उपचारपद्धती उभी केली. नैराश्यात मनात आपोआप उमटणारे निराशेचे विचार ओळखून पुराव्यावर तपासणे, हे कौशल्य रुग्णाने शिकावे अशी तिची धारणा होती, आणि उपचार हे शिक्षण ठरल्यावर शिकलेले टिकवण्याची सोय करणे ओघानेच आले. बेक आणि सहकाऱ्यांच्या १९७९च्या ग्रंथातील विचारनोंदीच्या तक्त्यात प्रसंग, भावना, आपोआप आलेला विचार, तर्कसंगत उत्तर आणि परिणाम असे पाच रकाने होते. ओळखीची व्यक्ती न बोलता निघून गेली, हा प्रसंग. दुःख शंभरपैकी ऐंशी. ‘मी कोणालाच नकोसा झालो आहे’ हा विचार. ‘तिचे लक्ष नसेल’ हे उत्तर. आणि शेवटी दुःखाची पुन्हा मोजणी, अशी नोंद रुग्ण घरी करी व पुढच्या सत्रात ती उपचारकासमोर ठेवी. या साध्या कागदाचे मोल इतिहासकारांनी पुरेसे ओळखलेले नाही, कारण खचलेल्या मनावरचा लक्षात ठेवण्याचा भार त्याने काही अंशी स्वतःकडे घेतला. गृहपाठ, सत्राअखेरीचा सारांश आणि घरी ऐकण्यासाठी सत्राचे ध्वनिमुद्रण ही साधनेही याच परंपरेत रुळली.

तो भार किती जड असतो, हे पुढील संशोधनाने दाखवले. नैराश्यात एकाग्रता मंदावते, हे चिकित्सकांना ठाऊक होते; मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी १९८६ साली, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांच्या अभ्यासातून, आणखी एक अडचण नोंदवली. एखादा शब्द देऊन त्यावरून एक ठरावीक प्रसंग आठवायला सांगितले असता हे रुग्ण बरेचदा ‘फिरायला जायचो तेव्हा’ अशा धर्तीचे, ढोबळ उत्तर देत. ज्या उपचारात नेमका प्रसंग हाताशी असावा लागतो, त्यात ही उणीव फार महागात पडते.

कॅलिफोर्नियातील बर्कली येथील ॲलिसन हार्वी आणि सहकाऱ्यांनी २०१४पासून स्मृतीला आधार देण्याचे मार्ग एकत्र गुंफून बोधात्मक उपचाराला जोडले. महत्त्वाच्या मुद्द्याकडे आवर्जून लक्ष वेधणे, तो निरनिराळ्या प्रसंगांना लावून पाहणे, पुनरुक्ती, आठवणीसाठी खुणा ठेवणे, हे त्यांपैकी काही मार्ग होत. विशेष उल्लेखनीय आहे तो रुग्णाकडून मुद्दा स्वतःच्या शब्दांत आठवून घेण्याचा सराव, कारण त्यात उपचारक पुन्हा समजावत बसत नाही, रुग्णाला आठवायला अवधी देतो आणि त्याने आपणहून काही आठवले की त्याची दखल घेतो. पूर्वी प्रतिकार म्हणून रुग्णाच्या खात्यावर मांडले गेलेले विस्मरण येथे उपचारकाने आधीच गृहीत धरायची गोष्ट ठरले.