लालबागेत, २७ नोव्हेंबर १८७७

ओहोटी लागली तसा मचवा सुटला. मागे तिवरं, भातखाचरं, खाडीचा चिखल. तुमचं जुईनगर वसायला अजून शंभरएक वर्षं आहेत. भाऊच्या धक्क्यावर उतरा आणि माणसांच्या लोंढ्यात शिरा. भायखळ्यावरून तो थेट लालबागेकडे चालला आहे. जोसेफ लिन नावाचा साहेब आज आभाळात जाणार.

बागेत पाय ठेवायला जागा नाही. पारशांची पागोटी, भाटियांच्या पगड्या, डोक्यावरची पाटी न उतरवताच थांबलेल्या कोळणी, झाडांवर चढलेली पोरं. मधोमध प्रचंड बलून दोरांना हिसके देतंय. आगगाडी येऊन चोवीस वर्षं झाली, घोड्यांची ट्राम तीन वर्षांपूर्वीची. त्या दोन्ही रुळांवरून धावतात. याला रूळ नाहीत, सुकाणूही नाही. वर गेलं की वारा नेईल तिकडे.

आता जरा मागे सरका, गर्दीच्या कडेला. इथली माणसं मुंबईची नाहीत. गेल्या साली देशावर पावसाने दगा दिला, यंदाही तो फार उशिरा आला. सोलापूर, सातारा, नगरकडची हजारो माणसं पोटासाठी या शहरात उतरली आहेत. तुमच्या शेजारी काखेत पोर घेतलेली एक बाई उभी आहे. दोर सुटतात, आरोळी उठते आणि बाई डोळ्यांवर हाताचा आडोसा धरते. दोन पावसाळे, मृगापासून हस्तापर्यंत, याच आडोशाखालून तिने आभाळ धुंडाळलंय.

स्पेनमधल्या आरांहुएझचं १७८४ सालचं उड्डाण आंतोनियो कार्निसेरोने रंगवलं. ते चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यात वर बलून आणि खाली उंची पोशाखांची झुंबड. लालबागेचं चित्र मला काढता आलं असतं, तर बलून कोपऱ्यात ढकलून मी आधी या बाईचा हात रंगवला असता.

"आई, कुठवर जाईल गं त्यो?" पोर विचारतं. ती उत्तर देत नाही, तिची नजर वरच खिळली आहे.

तो साडेसात हजार फुटांवर जातो, कळसूबाईच्या माथ्याहूनही दोन हजार फूट वर. तिथून त्याला बंदर दिसत असेल, गिरण्यांची धुराडी, खाडी आणि खाडीपलीकडचा तुमचा किनाराही. खालून मात्र बलून एवढुस्सा ठिपका झालंय. मग ठिपका हळूहळू मोठा होतो, उत्तरेकडे कलतो आणि कुणीतरी ओरडतं, "दादरला उतरतोय!"

सगळी बाग त्या दिशेला फुटते. बाई पोराला दुसऱ्या काखेत घेते, पदर खोचते आणि पळत सुटते. तुम्हीही पळा. दादरला अजून माड आणि भातशेतीच आहे. वाट बांधावरून जाते, आणि पोरं केव्हाच पुढे गेली आहेत.