श्रद्धा आणि मनःस्वास्थ्य : अभ्यासकांच्या स्वागतासाठी

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी सुरतच्या नवागाम, डिंडोली, लिंबायत या भागांत खानदेशी घरांमधून कानबाई ही देवी बसते. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची ही माणसे ताप्ती रेल्वेमार्गाने इथे आली, लूमवर आणि कापडाच्या कारखान्यांत रुजू झाली. एरवी दिवसपाळी-रातपाळीत विखुरलेली भावकी रोटांच्या प्रसादासाठी एकत्र येते, रात्र जागवते, सोमवारी देवीला निरोप देते. धर्म आणि मानसिक आरोग्य यांचा संबंध समजून घेऊ पाहणाऱ्याने सुरुवात इथून करावी. श्रद्धा इथे मनातल्या विश्वासापुरती राहत नाही. परमुलखात आपले कोण आहे, हे ती दाखवून देते. मात्र अशाच वस्तीत कुणाची झोप उडाली, कुणी एकटेच बोलू लागले, की 'बाहेरचं काहीतरी आहे' म्हणून आधी भगताचे, म्हणजे मांत्रिकाचे, दार गाठले जाते, हेही अभ्यासकाने तितक्याच आस्थेने पाहायला हवे.

या क्षेत्राला जुना वारसा आहे. समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने 1897 मध्ये आत्महत्येचा अभ्यास करताना धार्मिक समूहाच्या एकोप्याकडे लक्ष वेधले. विल्यम जेम्सने 1902 मध्ये व्यक्तीच्या धर्मानुभवाची मानसशास्त्रीय चिकित्सा केली. आपल्याकडे सुधीर कक्कर यांनी 1982 मध्ये मांत्रिक, संत आणि वैद्य यांच्या उपचारांवर ग्रंथ लिहिला. मानववंशशास्त्रज्ञ विएडा स्कुल्टन्स यांनी फलटणच्या महानुभाव मंदिरात पाहिले, की घरातल्या माणसाचे दुखणे स्वतःवर घेण्यासाठी बायका झपाटलेल्या अवस्थेत जातात. या निरीक्षणात श्रद्धेचे बळ दिसते आणि शुश्रूषेचा भार कुणाच्या शरीरावर पडतो तेही दिसते. तमिळनाडूतल्या एका मंदिरात राहिलेल्या 31 रुग्णांची लक्षणे सुमारे वीस टक्क्यांनी घटल्याचे आर. रघुराम आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये नोंदवले. तिथे खास उपचारविधी नव्हता. आसरा होता, नातलग सोबत होते आणि दिवसाला काही क्रम होता.

त्याच तमिळनाडूत, एरवाडीला, 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली आणि दर्ग्याच्या आश्रयाने आलेले, साखळ्यांनी जखडलेले 28 मनोरुग्ण होरपळून मेले. गुजरातने 2008 पासून उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' उपक्रमातून वेगळी वाट धरली. मुजावर दुआ देतात आणि रुग्णाला आवारातच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. महाराष्ट्राने 2013 मध्ये आणि गुजरातने 2024 मध्ये जादूटोणाविरोधी कायदे केले. अघोरी छळ रोखायला ते हवेतच. पण भगताकडे जाणाऱ्या कुटुंबाला परवडणारा, त्याची बोली समजणारा डॉक्टर कायद्याने आपोआप मिळत नाही.

म्हणून 'धर्म तारक की मारक' या प्रश्नावर अडून राहू नये. प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टी तपासाव्यात : या आचाराने आजारी माणूस आपल्या माणसांत राहतो का, आणि औषधापर्यंतची वाट त्याला मोकळी राहते का? दोन्हींचे उत्तर 'हो' असेल तिथे श्रद्धा उपचाराची सोबतीण ठरू शकते. एकाचेही 'नाही' असेल, तर डॉक्टरांनी, पुजाऱ्यांनी आणि शेजाऱ्यांनी हस्तक्षेप करायला हवा.

या कामाला मनोविकारतज्ज्ञ हवेत, तसेच खानदेशची अहिराणी बोली समजणारे समाजसेवक, रातपाळीच्या कामगारांशी बोलणारे विद्यार्थी आणि कानबाईच्या जागरणात बसलेल्या बायकाही हव्यात. त्या सर्वांचे या क्षेत्रात मनःपूर्वक स्वागत.