पेटीशेजारची पेटी

गेल्या दिवाळीतली गोष्ट. फराळाची ताटे अजून उचलली गेली नव्हती, तोच माझ्या धाकट्या बहिणीने विषय काढला. "दादा, तू मास्तर आहेस, चार पुस्तके लिहिली आहेस. याला काही समजावून सांग. हा माझ्या पाटल्या मोडायला निघाला आहे!"

'हा' म्हणजे माझा भाचा. लग्नसराईत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. घरी आजोबांची जुनी पेटी आहे आणि हप्त्याने घेतलेला ऑक्टापॅड आहे. आता त्याला मॉड्यूलर सिंथेसायझर हवा होता; तोही अख्खे कपाट भरेल एवढा. त्याने चित्र दाखवले. बटणे, भोके आणि त्यांतून लोंबणाऱ्या रंगीबेरंगी वायरी! मी म्हटले, "अरे, हे तर जुने टेलिफोन एक्स्चेंज!" तो हिरमुसून म्हणाला, "मामा, हे वाद्य आहे."

मी इतिहास आणि मराठी शिकवणारा माणूस. विजेचे माझे ज्ञान फ्यूज बदलण्यापुरते. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जो इतिहास हाती लागला, त्यानेच पुढे पाटल्यांचा निकाल लावला. म्हणून तो वाचकांपुढे ठेवतो.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रूमन्सबर्ग या लहानशा गावी रॉबर्ट मूग नावाचा तरुण थेरेमिन हे वाद्य बनवून विकत असे. हे वाद्य हात न लावता, हवेत हात हलवून वाजते. १९६३ साली त्याची गाठ हर्बर्ट डॉइच या संगीतकाराशी पडली आणि १९६४च्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून नव्या वाद्याचा पहिला नमुना सिद्ध केला. त्याची युक्ती अशी. सूर निर्माण करणारा घटक वेगळा, तो सूर गाळून गोड वा कर्कश करणारा घटक वेगळा आणि लहानमोठा करणारा घटक वेगळा. या सुट्या घटकांना म्हणायचे मॉड्यूल. ते वायरींनी हवे तसे जोडायचे. ज्याने त्याने आपल्या मनाचे वाद्य मांडावे आणि वाजवून झाले की मोडावे. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत डॉन बुक्ला या कारागिरानेही अशीच रचना स्वतंत्रपणे केली. त्याला तर पियानोच्या पट्ट्याही नकोशा वाटत.

पण खरी मेख सुट्या घटकांत नाही. ती त्यांच्या समाईक मापात आहे. मूगने ठरवले की विजेचा दाब एक व्होल्टने वाढला की सूर बरोबर एक सप्तक चढावा. मध्य सप्तकाचा सा जर दोन व्होल्टवर असेल, तर तार सप्तकाचा सा तीनवर. पुढे बहुतेक कारखान्यांनी हेच माप उचलले, म्हणून एकाचा डबा दुसऱ्याच्या डब्याशी बोलू लागला. बाजारात शेराचे माप सर्वांनी मानले म्हणजे व्यवहार सुरळीत होतो, तसेच हे. ज्यांनी माप वेगळे ठेवले, त्यांची वाद्ये आजही परक्यांशी जुळवताना बेसूर होतात. १९७८चा कॉर्ग कंपनीचा एमएस-२० हा त्यातलाच.

इथपर्यंतची कथा साता समुद्रांपलीकडची. ती एकदम अहमदाबादेत येऊन पोहोचते, तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो.

साराभाई घराण्यातल्या गीताबेन पखवाज वाजवीत. १९४६ साली त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि जॉन केज या संगीतकाराकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या. मोबदल्यात त्याला आपले संगीत शिकवले. त्यांची भावंडे गौतम आणि गिरा यांच्या पुढाकाराने १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तिथे १९६९ साली केजचा सहकारी डेव्हिड ट्यूडर याच्या मदतीने ध्वनीची प्रयोगशाळा स्थापन झाली आणि मूगचा सिंथेसायझर येऊन दाखल झाला. गीताबेन, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी त्यावर रचना केल्या. ज्या काळी आपल्याकडे घरात रेडिओ असणे हीच प्रतिष्ठा होती, त्या काळी अहमदाबादेत माणसे विजेच्या दाबातून सूर काढीत होती!

आणि मग? १९७२ नंतर हे काम थांबल्यासारखेच झाले. ध्वनिफिती संस्थेच्या कपाटात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटनमधल्या कलावंताने त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली त्यांतल्या निवडक रचना जगापुढे आल्या. मधली पन्नास वर्षे त्या सुरांना श्रोताच नव्हता. एका संस्थेत, एका खोलीत, एकच महागडे कपाट. त्या खोलीचे दार लोटले गेले की वाद्यही मुके आणि विद्याही मुकी.

याच्या उलट कथा मुंबईची. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक. १९८२ साली त्यांनी दहा रागांची एक तबकडी काढली. त्यांच्याजवळ कपाट नव्हते. रोलँड कंपनीची तीन बाजारी यंत्रे होती. एक पट्ट्यांचे, एक खर्जाचे आणि एक ठेक्याचे. ती त्यांनी एकमेकांच्या तालाशी वायरीने जुळवली आणि त्यावर भैरव आणि ललत मांडले. तबकडी तेव्हा कोणी विचारली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा युरोपातले जाणकार चकित झाले. ज्या जातीचे नृत्यसंगीत पुढे शिकागोत गाजले, त्याच्याशी जुळणारे काही मुंबईत आधीच होऊन गेले होते. आहेत त्याच वस्तू नीट जोडल्या, एवढेच त्या माणसाचे भांडवल!

वाद्य स्वस्त करण्याची धडपड परदेशातही चालूच होती. १९६९ साली लंडनच्या ईएमएस कंपनीने टेबलावर मावणारा व्हीसीएस-३ काढला; किंमत ३३० पौंड. कॅलिफोर्नियातल्या कलाशाळेत सर्ज चेरेपनिन या शिक्षकाभोवती विद्यार्थी जमले आणि त्यांनी १९७०नंतरच्या दशकात स्वतःच डाख देऊन आपापली वाद्ये तयार केली. हे वाचताना मला, मास्तर म्हणून, मूठभर मांस चढले. पुढे १९८३ साली मिडी नावाची भाषा ठरली आणि निरनिराळ्या कंपन्यांचे कीबोर्ड परस्परांशी बोलू लागले. १९९५ साली म्युनिकजवळच्या डीटर डोएप्फर यांनी लहान आकाराचे मॉड्यूल काढले. उंची १२८.५ मिलिमीटर, अधिक-उणे १२ व्होल्टची वीज, बारीक साडेतीन मिलिमीटरचे भोक. याच मापाला जग आज युरोरॅक म्हणते. लहानमोठे कितीतरी कारागीर त्यात मॉड्यूल बनवू लागले, आणि कपाट एकदम घेण्याची सक्ती संपली. आज एक, पुढल्या वर्षी दुसरा.

आठव्या दिवशी भाच्याला समोर बसवले. म्हटले, "कपाट नको. तुझ्या पेटीशेजारी बसेल एवढी एक पेटी आण."

मग आम्ही क्रम ठरवला. आधी संगणकावर व्हीसीव्ही रॅक. २०१७ साली निघालेला हा कार्यक्रम फुकट मिळतो आणि वायरी जोडण्याचा सराव त्यावर होतो. दोन महिने त्याने तो केला. त्यानंतर 'अर्ध-मॉड्यूलर' जातीची एक छोटी पेटी. तिचे घटक आतूनच जोडलेले असतात, म्हणून वायर न लावताही ती वाजते; लावली तर निराळी वाजते. तिला मिडीचे भोक असावे, म्हणजे घरातला कीबोर्ड आणि ऑक्टापॅड दोन्ही तिला सूर आणि ठोका पुरवतील. मिश्रकाला जोडताना आवाज आधी अगदी खाली ठेवायचा, कारण या पेटीतून निघणारा संकेत कीबोर्डपेक्षा पुष्कळच जोरकस असतो. लग्नसराईच्या कमाईत हे सारे बसले. पाटल्या हातातच राहिल्या.

एक चूक मात्र झाली. पुढे त्याने एक सुटे मॉड्यूल आणले आणि विजेची पट्टी उलटी बसवली. पट्टीची लाल कड उणे १२ व्होल्टच्या बाजूला हवी. ती दुसरीकडे गेली. क्षणात जळका वास आला आणि मॉड्यूल गेले. दोष कोणाचाच नाही, घाईचा. त्या रात्री तो जेवला नाही. बहीण म्हणाली, "कपाट आणले असते तर?" मी गप्प राहिलो.

आता शेवटचे सांगतो. आपली पेटी तरी मूळची आपली कुठे? युरोपातले ते वाद्य. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी त्याला मांडी घालून, हाताने भाता मारून वाजवण्याजोगे केले आणि ते भजनात, कीर्तनात, संगीत नाटकात आले. तरीही १९४० साली आकाशवाणीने त्याच्यावर बंदी घातली, ती १९७१ साली सैल झाली. आक्षेप असा की पेटीला मींड येत नाही, श्रुती साधत नाहीत. पट्टी दाबली की ठरलेला सूर. आक्षेप खराच होता. पण विजेचा दाब पायरीपायरीने चढलाच पाहिजे असे नाही. तो उतारावरून पाणी ओघळावे तसा सरकू शकतो.

परवा सायंकाळी बहिणीने वडिलांची पेटी काढली आणि काळी दोनचा सा धरला. भाच्याने आपल्या पेटीचा सूर कानाने त्याला मिळवला, एक खुंटी हलकेच फिरवली आणि मध्यमावरून गंधारावर अशी मींड घेतली की बहिणीचा भाता मारणारा हात क्षणभर थांबला.

"बाबांना हीच मिळत नव्हती रे," ती म्हणाली, आणि पुन्हा भाता मारू लागली.