डॉक्टरांचा भागाकार

देशाला किती डॉक्टर लागतील, याचा हिशेब भोर समितीने १९४६ साली मांडला. बुलढाणा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर होता. १९७१ पर्यंत २,००० माणसांमागे एक असावा, असे उद्दिष्ट ठरले. पण त्या डॉक्टरांपैकी निम्म्याहून अधिक पदवीधर नव्हते, ‘लायसेन्शिएट’ होते. नागपूरच्या रॉबर्टसन वैद्यकीय शाळेतून असेच डॉक्टर तयार होत. हा छोटा अभ्यासक्रम बंद करावा, असे बहुमताने सुचवले गेले. मग संख्या गाठायची कशी, असा काही सदस्यांचा आक्षेप होता.

२०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. तिला २,००० ने भागले की सुमारे १,२९३ डॉक्टर येतात. हे सगळे बुलढाणा आणि खामगाव शहरांतच राहिले, तरी भागाकार बरोबरच! सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाला मात्र डॉक्टर मिळत नाही. शिवाय बुलढाण्यात २०२४ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची पहिली तुकडी साडेपाच वर्षांनी, म्हणजे २०३० च्या सुमारास बाहेर पडेल. म्हणून ‘किती?’ या प्रश्नाबरोबर ‘कोठे?’ आणि ‘केव्हा?’ हेही विचारावे लागते. सरासरी शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे.